ओझं पेलते ती टायरातली हवा

हेवी ड्यूटी पिकअपच्या टायरवर कडेला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: कमाल भार १,४५० किलो, ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक, एका चौरस इंचावर किती पौंड). या एका ओळीवरून दोन गैरसमज पसरले आहेत. पहिला असा की गाडी रिकामी असो वा भरलेली, हवा ८०च ठेवायची. दुसरा जास्त घातक: टायर ‘दहा प्लाय’चा, म्हणजे दहा थरांइतका मजबूत आहे, मग हवा पन्नास-पंचावन्न असली तरी माल पेलेलच. खरं तर ती ओळ एक अट सांगते. टायर थंड असताना आत ८० पीएसआय हवा असेल, तरच तो १,४५० किलो पेलेल.

रबर, दोरे आणि पोलादी तारा यांचं मुख्य काम हवा कोंडून ठेवण्याचं. वजन उचलते ती हवा. हिशेब शाळेतलाच आहे, बल भागिले दाब म्हणजे क्षेत्रफळ. १,४५० किलोचं बल सुमारे १४,२०० न्यूटन, ८० पीएसआय म्हणजे साधारण ५५० किलोपास्कल. भागाकार येतो २५८ चौरस सेंटिमीटर. भरल्या गाडीचा एक टायर एवढ्याच तुकड्यावर रस्त्याला टेकतो. हवा ५० पीएसआयवर आली की हाच तुकडा ४१० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो. टायरच्या भिंती ताठ असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा वेगळा येतो, पण कल हाच. रुंदी फारशी वाढू शकत नाही, म्हणून तुकडा लांबतो, आणि तो लांबायचा तर टायर खाली बसतो, बाजू फुगतात.

घात होतो तो इथे. एलटी२६५/७०आर१७ मापाचा (हलक्या ट्रकचा, २६५ मिलिमीटर रुंद, १७ इंची रिमचा) टायर एका फेरीत साधारण २.४५ मीटर जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदात अकरा फेऱ्या, म्हणजे तासाला चाळीस हजारांवर. प्रत्येक फेरीत भिंतीचा प्रत्येक भाग एकदा वाकतो आणि सरळ होतो. रबर वाकताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी सरळ होताना परत देत नाही. उरलेली उष्णता होते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. टायरचा लोळण-रोध, म्हणजे फिरताना त्याला होणारा विरोध, भाराच्या एक टक्का धरला तरी या वेगाला एका टायरात चार किलोवॅटच्या आसपास शक्ती खर्ची पडते, जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपात. घरातला गिझर यापेक्षा कमी घेतो. हा आकडा हवा योग्य असतानाचा. हवा कमी झाली की वाकणं वाढतं, आणि उष्णताही.

रबर उष्णतेचं मंद वाहक आहे. त्यामुळे ती साचते जिथे रबर सर्वांत जाड तिथे, म्हणजे ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थराच्या) खांद्याशी. नेमकी तिथेच ट्रेडखालच्या पोलादी पट्ट्यांची कापलेली टोकं संपतात आणि दोन पट्ट्यांमधलं रबर प्रत्येक फेरीत घासल्यासारखं ओढलं जातं. गरम रबराची पकड सैलावते, तारेच्या टोकाशी केसाएवढी भेग पडते, ती पट्टीच्या कडेने सरकत जाते आणि शेवटी ट्रेड सोलून निघतो. ही इजा बाहेरून दिसत नाही, आणि नंतर पुरेशी हवा भरली तरी बरी होत नाही. म्हणून कमी हवेवर ओझं वाहिलेला टायर कित्येक दिवसांनी, हवा अगदी बरोबर असतानाही फुटू शकतो.

ट्रेड सुटण्यावरूनच ऑगस्ट २०००मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला आणि पुढे गाड्यांत हवेचे सेन्सर सक्तीचे झाले. पण ही सक्ती ४,५३६ किलोपर्यंतच्या एकूण वजनक्षमतेच्या गाड्यांना आहे. कित्येक हेवी ड्यूटी पिकअप त्याच्या वर जातात. शिवाय दिवा लागतो तो हवा शिफारशीपेक्षा २५ टक्के उतरल्यावर. ८०ची ६० होईपर्यंत डॅशबोर्ड गप्प राहू शकतो, आणि तोवर टायरची क्षमता साधारण सहाव्या हिश्श्याने घटलेली असते.

टायर निवडताना सुरुवात वजनकाट्यापासून करावी. नेहमीचा माल, माणसं, पूर्ण टाकी, ट्रेलर जोडलेला, अशा अवस्थेत प्रत्येक एक्सलचं, जमलं तर प्रत्येक चाकाचं वजन घ्यावं. समजा मागच्या एक्सलवर २,७५० किलो आले. १२१ लोड इंडेक्सचे (टायरवरचा भारक्षमतेचा सांकेतिक आकडा, १२१ म्हणजे १,४५० किलो) दोन टायर २,९०० पेलतात, म्हणजे १५० किलोची सवड. पण डावीकडे १,४४० आणि उजवीकडे १,३१० असतील, तर डाव्या टायरला सवड उरली दहा किलोंची. इथे १२५ इंडेक्सचा, १,६५० किलोंचा टायर हवा. प्रवासी गाडीच्या वर्गातला टायर पिकअपला घातला तर त्याची क्षमता १.१ने भागून धरायची असते. ११३ इंडेक्सचे १,१५० किलो तिथे १,०४५च राहतात.

ट्रेलरच्या तरफेचा हिशेब बहुतेकांकडून सुटतो. ट्रेलर ज्यावर जोडतात त्या चेंडूवर ४५० किलो भार, चेंडू मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) ४ मीटर असेल, तर मागच्या एक्सलवर ५८५ किलो वाढतात आणि पुढचे १३५ कमी होतात. मात्र टायर कितीही दणकट घातला तरी स्प्रिंग, एक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेली एक्सलची मर्यादा टायर बदलल्याने वाढत नाही. रिम आणि व्हॉल्व्हचंही तसंच: टीआर४१३ हा साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचा असतो, ८०ला उच्च दाबाचा किंवा धातूचा लागतो.

हवा थंड टायरात मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. किती भरायची ते दाराच्या चौकटीवरची पट्टी आणि टायर कंपनीचा भार-दाब तक्ता सांगतो. साधं त्रैराशिक मांडू नये: ८०वरून ५०वर आल्यावर क्षमता साधारण पाव भागाने घटते, दाबाच्या प्रमाणात नाही. चालून तापलेल्या टायरात ९० दिसले म्हणून हवा सोडणं ही तर हमखास होणारी चूक. तापमान ३० अंशांनी वाढलं की ८०चे ९० होणारच. तेव्हा सोडून ८० केले, तर टायर थंड झाल्यावर ७१ उरतात, आणि पुढच्या प्रवासात तो आणखी तापतो. नायट्रोजन भरून यातून सुटका होते ही निव्वळ जाहिरातबाजी. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोघांचाही दाब सारखाच चढतो. कोरडी हवा भरली तरी तेच साधतं.

मागे जोडचाकं, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं असतील तर टायरवरचा दुसरा, लहान आकडा पाहावा: १२१/११८मधला ११८, म्हणजे १,३२० किलो. जोडीतला एक मऊ पडला की शेजारचा गुपचूप जास्तीचं ओझं उचलतो आणि दोघेही तापतात. हातोडीने ठोकून आवाज ऐकल्याने ६० आणि ८०मधला फरक कळत नाही. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्यावी आणि सहाही टायर गेजने मोजावेत.