मुंबई–लंडन: पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोचत नाही

‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडनच विमानाकडे सरकत येतं आणि जाताना वेळ वाचतो,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चूक आहे. मुंबईजवळ जमीन ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने फिरते, पण तिच्यासोबत हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. उलट, लंडनला जातानाच जास्त वेळ लागतो!

खरं कारण वारा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम (वेगवान वाऱ्याचा पट्टा) वाहते, हिवाळ्यात जास्तच जोरात. आता हिशोब करा: सरळ अंतर सुमारे ७,२०० किमी, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. वारा सरासरी ५० धरला तर जाताना ८५०, म्हणजे जवळपास साडेआठ तास. येताना ९५०, म्हणजे सात तास पस्तीस मिनिटं. वळसे, चढउतार आणि धावपट्टीवरचा वेळ वेगळा.

फसवतं ते तिकीट. दुपारी दीडला निघून संध्याकाळी सहाला लंडन, म्हणजे साडेचार तास? नाही. दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा मागे असतं. हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा; उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा साडेचार.