रास्पबेरी पायला 'थोडंसं' कळत नाही

रास्पबेरी पायला, म्हणजे त्या एका बोर्डवरच्या छोट्या कॉम्प्युटरला, टेंपरेचर सेन्सर जोडायला घेतला की सगळेच पहिल्यांदा एकाच जागी अडकतात, मी पण अडकलो होतो. बोर्डवर 40 पिना, पण अ‍ॅनालॉग इनपुट, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज मोजणारी पिन, एकही नाही! अर्दुइनो उनो या एवढ्याशा साध्या बोर्डला सहा आहेत आणि लिनक्स चालवणाऱ्या पायला शून्य. पायची पिन व्होल्टेज आहे की नाही एवढंच सांगते, 0 नाहीतर 1, मधलं काही नाही.

आता एलएम35 सेन्सर घ्या, तो दर डिग्रीला 10 मिलिव्होल्ट देतो, म्हणजे 30 डिग्रीला 300. पण पिनच्या हिशेबात 300 मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही, थंडी असो की मे महिना, ती आपली 0 च म्हणणार. म्हणून मध्ये एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप घालायची, बरेच जण एमसीपी3008 वापरतात, आठ चॅनेल, 10 बिट (म्हणजे 1024 पायऱ्या), एसपीआय नावाच्या जोडणीने पायशी बोलते.

तिची मोजायची पद्धत मला फार आवडते, अगदी वाण्याच्या तराजूसारखी. 3.3 व्होल्टचे 1024 भाग केले की एक भाग साधारण 3.2 मिलिव्होल्टचा. एका पारड्यात सेन्सरचं व्होल्टेज, दुसऱ्यात आधी 512 चं वजन. जड झालं, काढलं. 256, काढलं. 128, तेही काढलं. 64 राहिलं. 32 टाकलं तर परत जड, मग 16, 8, 4 राहिले, 2 काढला, 1 ठेवला. बेरीज 93. दहा वेळा वजनं टाकून काम झालं, आणि 93 गुणिले 3.2 म्हणजे आपले जवळपास 300 मिलिव्होल्ट.

जोडताना एक सांभाळा, एलएम35 ला किमान 4 व्होल्ट लागतात म्हणून त्याला 5 द्यायचे, पण चिपला 3.3 च, नाहीतर ती पायच्या पिनवर 5 व्होल्ट फेकेल आणि बोर्ड कायमचा जाऊ शकतो. ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) सगळ्यांचा एकच.

एमसीपी3008 चा एक भाग म्हणजे साधारण 0.3 डिग्री, मग लोक अजून बारीक मोजणारा 16 बिटचा एडीसी, एडीएस1115 घेतात आणि स्क्रीनवर 30.0125 बघून खूश होतात, अहो पण सेन्सर स्वतःच अर्धा-एक डिग्री इकडेतिकडे असतो, ते पुढचे आकडे नुसते शोभेचे.