पार्किन्सन्सची रात्र आणि ऑक्सिजनची पेटी

पार्किन्सन्स म्हटलं की हाताचा कंप डोळ्यांपुढे येतो. घरच्यांना विचारा, ते रात्रीबद्दल बोलतील. दोन-अडीचला औषधाचा अंमल उतरलेला असतो, अंग ताठरलेलं, कूस बदलायची तरी कुणाला उठवावं लागतं. त्यात लघवीच्या फेऱ्या. काही जण झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. स्वप्न पडत असताना स्नायू शिथिल ठेवणारी मेंदूच्या देठातली यंत्रणाच बिघडलेली असते. अमेरिकेत मिनेसोटातल्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. कधीकधी तो कंपाच्या कित्येक वर्षं आधी दिसतो.

या झोपेसाठी हल्ली हायपरबेरिक ऑक्सिजन सुचवला जातो. बंद पेटीत दाब वातावरणाच्या दीड ते तीन पट करून तास-दीड तास शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. साध्या हवेत १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो (बाकीचा हिमोग्लोबिन वाहतं). तीन पट दाबाला तो सुमारे ६ मिली होतो. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांचा दाब-विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहींच्या पायाची चिवट जखम, इथे पेटी खरोखर कामाची आहे.

पार्किन्सन्समध्ये झोप सुधारल्याच्या नोंदी लहान अभ्यासांतून येतात. मला त्या पुरेशा वाटत नाहीत. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं, की औषध असेल या आशेवर नुसतं सलाइन टोचलं तरी या रुग्णांच्या मेंदूत खरंखुरं डोपामिन (या आजारात कमी पडणारं रसायन) स्रवतं. मग रोज पेटीत झोपवलं, आस्थेने विचारपूस केली, तर बरं वाटणारच! ते ऑक्सिजनमुळे की आशेमुळे, हे कळायला काहींना त्याच पेटीत साधी हवा द्यावी लागते, तीही कानात दडा बसण्याइतका दाब ठेवून. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१३ मध्ये या उपचाराच्या मान्यता नसलेल्या वापरांत पार्किन्सन्सचं नाव घेतलं होतं. शिवाय कानाच्या पडद्याला इजा, काही काळ दूरचं अंधूक दिसणं, क्वचित फिट, हे धोके आहेतच.

घोरताना श्वास अडत असेल तर बहुतेकदा लागतो तो सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवा देणारा पंप; तो साध्या हवेच्याच दाबाने घसा उघडा ठेवतो. कूस वळत नसेल तर कमरेखाली सॅटिनचा गुळगुळीत तुकडा घालून बघा. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना शेवटची गोळी कधी घेतली, जाग किती वाजता आणि कशाने आली, हे आठवडाभर लिहून न्या. रात्रीसाठी लांब पल्ल्याची गोळी द्यायची की लघवीवर इलाज करायचा, ते त्यावरून ठरवता येतं.