वार कुठे रुजणार?

नॉर्मल की सिझर, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात घरात शिरतो. बाळाचं वजन किती भरलं, डोकं खाली आलं का, पाणी पुरेसं आहे का, कळा सोसवतील का, यावर सगळे बोलतात. वारेबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. नऊ महिने बाळाला पोसून त्याच्या मागून बाहेर पडणारा हा तबकासारखा अवयव. मूल व्हावं असा विचार सुरू होतो तेव्हाच वारेबद्दल चार गोष्टी समजून घ्याव्यात असं मला कळकळीनं वाटतं, कारण पहिल्या सिझरचा मोठा हिशोब दुसऱ्या-तिसऱ्या गरोदरपणातली वार मांडते.

गर्भ रुजायच्या वेळी गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड आणि मऊ होतं. वारेच्या पेशी मुळांसारख्या त्यात घुसतात आणि आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतात. त्यांनी किती खोल जायचं याला अस्तरच लगाम घालतं. बाळ जन्मलं की वार याच थरातून सुटते, भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी. लगेच पिशवीचा स्नायू आवळतो आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. दिवस भरलेल्या पिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. त्यामुळे हे सुटणं आणि आवळणं वेळेवर झालं नाही तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं.

सिझरमध्ये पिशवीच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतात. जखम भरते, पण व्रणावर अस्तर पूर्वीसारखं येईलच असं नाही. पुढच्या खेपेला वार नेमकी त्या जागी रुजली तर तिला लगाम उरत नाही. मुळं सरळ स्नायूत शिरतात, कधी तो ओलांडून मूत्राशयापर्यंत जातात. अशी वार प्रसूतीनंतर सुटत नाही. ओढायला जावं तर रक्ताचा पूर येतो. म्हणून पुष्कळदा ती जागीच ठेवून गर्भपिशवीच काढून टाकावी लागते.

हे किती वेळा घडतं? अमेरिकेतल्या 30 हजारांहून जास्त सिझरचा एक मोठा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या सिझरच्या वेळी वार अशी चिकटलेली सापडण्याचं प्रमाण 0.24%, तिसऱ्याला 0.57%, चौथ्याला 2.13%. पण वार पिशवीच्या तोंडावर, म्हणजे सिझरचा छेद घेतात त्याच खालच्या भागात असेल, तर आकडे एकदम उडी घेतात: पहिल्या सिझरला 3%, दुसऱ्याला 11%, तिसऱ्याला 40%. एकच मूल हवं असलेल्या बाईसाठी हा धोका जवळपास गैरलागू आहे. तीन मुलं हवी असलेल्या बाईसाठी तो फार मोठा आहे. म्हणून ‘नॉर्मल बरं की सिझर बरं’ असं विचारण्याआधी ‘आपल्याला मुलं किती हवीत’ हे नवरा-बायकोनं एकमेकांना विचारायला हवं, आणि ते डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

काही वेळा मात्र तोलायला काही नसतंच. वारेनं पिशवीचं तोंड झाकलंय, कळा सुरू झाल्या तरी बाळ आडवंच आहे, बाळाआधी नाळ खाली घसरली आहे, ठोके पडताहेत आणि सावरत नाहीत, अशा वेळी सिझरनं जीव वाचतात. तिथे नॉर्मलचा हट्ट धरणाऱ्या नातेवाइकांना बाजूला बसवावं.

नॉर्मल बाळंतपणही फुकट होत नाही, आणि हे बायकांना आधी सांगितलं जात नाही याचा मला राग येतो. योनीमार्गाची चीर कधी गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, पुढे अंग बाहेर येण्याचा त्रास होऊ शकतो. खोकताना-शिंकताना लघवी होणं तर इतकं सर्रास आहे की बायका ते दुखणं म्हणून सांगतही नाहीत. नॉर्वेतल्या 15 हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (2003) लघवीवर ताबा न राहण्याचा कुठलाही त्रास मूल न झालेल्या स्त्रियांत सुमारे 10%, फक्त सिझर झालेल्यांत 16% आणि योनीमार्गे प्रसूती झालेल्यांत 21% आढळला. म्हणजे सिझरनं काही प्रमाणात बचाव होतो, पूर्ण सुटका होत नाही. कारण नऊ महिन्यांचा भारही त्या स्नायूंवर पडलेलाच असतो.

सिझर आधीच ठरवलेलं असेल तर तारखेचा प्रश्न येतो, आणि इथे आपल्याकडे मुहूर्त काढला जातो. बाळाच्या फुप्फुसांना पंचांग कळत नाही. पोटात असताना ती द्रवानं भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं वाढतात, फुप्फुसातल्या पेशी सोडियम आत ओढू लागतात आणि त्यामागोमाग पाणी शोषलं जातं. कळांविना बाहेर काढलेल्या बाळाला ही तयारी कमी मिळते, म्हणून काही बाळांना जन्मल्याबरोबर धाप लागते. आधी सिझर झालेल्या आणि पुन्हा ठरवून सिझर केलेल्या 13 हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात (2009) 37व्या आठवड्यात जन्मलेल्या 15.3% बाळांना श्वासाचा किंवा दुसरा काही त्रास झाला, 38व्यात 11%, 39व्यात 8%. वैद्यकीय कारण नसेल तर 39 आठवडे पूर्ण होऊ द्यावेत. चांगल्या नक्षत्रासाठी आठवडाभर आधी बाळ काढणं हे त्या बाळावर अन्याय करणारं आहे.

‘एकदा सिझर की कायम सिझर’ हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांनी 1916 साली लिहिलं. तेव्हा पिशवीवर उभा छेद घेत आणि तो कळांमध्ये उसवण्याची भीती मोठी होती. आताचा आडवा छेद बराच टिकाऊ असतो. एक सिझर झालेल्या, नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांपैकी 60 ते 80% यशस्वी होतात. टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक. पण तो एक प्रसंग भयंकर असतो, म्हणून असा प्रयत्न शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त तत्काळ मिळेल अशाच ठिकाणी करावा. दोन बाळंतपणांत 18 महिन्यांहून कमी अंतर असेल तर धोका वाढतो. शिवाय पोटावरचा आडवा व्रण पाहून पिशवीवरचा छेद कसा होता ते कळत नाही. ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड लग्नाच्या दागिन्यांइतकं जपून ठेवा.

पहिलं अनावश्यक सिझर टळलं तर यातलं बरंच टळतं. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातली 21.5% बाळंतपणं सिझरनं झाली. सरकारी दवाखान्यांत 14.3%, खासगीत 47.4%. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या निवेदनानुसार देशपातळीवर हे प्रमाण 10%पर्यंत वाढताना माता आणि नवजात बालकांचे मृत्यू कमी होतात, त्यापुढे तसा संबंध दिसत नाही. सगळा दोष लोभावर ढकलू नये. एकट्या डॉक्टरनं चालवलेल्या नर्सिंग होममध्ये रात्रभर कळांची वाट पाहणं खरंच अवघड असतं. पण वाट पाहण्याची मोजपट्टीही बदलली आहे. पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा ठोकताळा एमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1955 साली काढलेल्या आलेखावरून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या मार्गदर्शनानुसार कळांचा जोमाचा टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरायचा, आणि बाळ-बाळंतीण ठीक असतील तर त्याहून मंद गतीसाठी लगेच सिझर करायचं नाही. ओळखीची बाई सतत जवळ असणं, कळांमध्ये चालता-फिरता येणं, यांनीही फरक पडतो. दवाखाना निवडताना हे विचारा: कळा सुरू झाल्यावर आई किंवा बहीण आत थांबू शकेल का? भूलतज्ज्ञ रात्री किती वेळात येतात?

आणि सिझर झालंच असेल, तर पुढच्या वेळी पाळी चुकल्यावर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका. सहा-सात आठवड्यांतच सोनोग्राफी करून गर्भ जुन्या टाक्यावर तर रुजला नाही ना ते पाहून घ्या. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचे हात-पाय पाहून झाले की डॉक्टरांना आणखी एक विचारा: वार टाक्यापासून किती लांब आहे?