रात्रीच्या बॅकअपमधला पासवर्ड

तुमच्या सर्व्हरवर रात्री दोनला डेटाबेसचा बॅकअप सुरू होतो, तेव्हा पासवर्ड टाइप करायला कुणी जागं नसतं. म्हणून तो स्क्रिप्टमध्येच, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्येच, लिहिलेला असतो. एखाद्या ग्राहकाचा सर्व्हर सांभाळायला घेतला की आम्ही आधी ही ओळ शोधतो: मायएसक्यूएल-डंप (मायएसक्यूएल डेटाबेसची प्रत काढणारी कमांड), पुढे उणे पी (पासवर्डची खूण), आणि त्याला चिकटलेला पासवर्ड.

यात बिघडलं काय? स्क्रिप्ट एका जागी राहत नाही. कुणी ती व्हॉट्सॲपवर पाठवतं, कुणी पेनड्राइव्हवर नेतं. गिटमध्ये (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टाकली असेल तर ओळ नंतर पुसूनही जुन्या कमिटमध्ये, म्हणजे साठवलेल्या आवृत्तीत, पासवर्ड तसाच राहतो. शिवाय 'पीएस' ही कमांड दिली की चालू कमांड सर्व्हरवरच्या इतरांनाही सहसा दिसतात. मायएसक्यूएल लगेच पासवर्ड झाकतं खरं, पण क्षणभर तो उघडाच असतो.

आवृत्ती ५.६ पासून मायएसक्यूएल स्वतःच याबद्दल इशारा देतं. एका ग्राहकाकडे तो इशारा रोज मेलमध्ये यायचा, म्हणून कंटाळून कुणीतरी एरर मेसेज सरसकट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे टाकलेलं सगळं नाहीसं होतं तिथे, सोडून दिले. पुढे पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमधला जुनाच राहिला. रोज नव्या तारखेची जीझिप (दाबून लहान केलेली) फाइल बनत होती, प्रत्येक २० बाइटची. रिकाम्या डेटाची जीझिप तेवढीच भरते, म्हणजे बॅकअप रिकामेच होते.

आम्ही पासवर्ड होम फोल्डरमधल्या 'डॉट माय डॉट सीएनएफ' फाइलमध्ये ठेवतो आणि तिची परमिशन ६०० करतो, म्हणजे मालकाशिवाय (आणि रूट, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी यूजरशिवाय) ती कुणी वाचू शकत नाही. कमांडमध्ये मग पासवर्ड लागतच नाही. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस याबाबत जास्त कडक आहे: लिनक्सवर 'डॉट पीजीपास' या पासवर्डच्या फाइलची परमिशन सैल दिसली तर ते ती फाइल वापरतच नाही. आम्हाला हा खडूसपणा आवडतो. मायएसक्यूएलच्या कॉन्फिग-एडिटरने (पासवर्ड झाकून साठवणाऱ्या साधनाने) बनवलेली फाइल मात्र दिसते तेवढी सुरक्षित नाही. आतला पासवर्ड साध्या कमांडने उलगडतो.

बॅकअपसाठी डेटाबेसचा रूट यूजर वापरू नका. वेगळा यूजर काढा, फक्त लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच सर्व्हरवरून, चालणारा. त्याला सिलेक्ट, लॉक टेबल्स, शो व्ह्यू आणि ट्रिगर एवढे हक्क सहसा पुरतात. मायएसक्यूएल ८.०.२१ पासून डंप 'प्रोसेस' हक्कही मागतो. तो देण्यापेक्षा कमांडला 'नो-टेबलस्पेसेस' हा पर्याय जोडावा.

फाइल बदलली तरी पासवर्ड जुनाच ठेवू नका, त्याच्या प्रती कुठे कुठे गेल्या असतील ते तुम्हालाही आठवणार नाही. आमचा माणूस येईल तेव्हा नवा पासवर्ड तुम्हीच टाइप करा. सर्व्हरचं रूट आमच्याकडे असल्याने ती फाइल आम्हालाही उघडता येते, हे आधीच सांगून ठेवतो. ते नको असेल तर रूट तुमच्याकडे ठेवा. आम्ही तुमच्यासमोर बसून काम करू.