‘वध’ कुणाचा आणि ‘खून’ कुणाचा?

कंसाचा खून झाला, असं मराठीत कुणी म्हणत नाही. कंसाचा, कीचकाचा, अफजलखानाचा होतो तो वध. ज्याचा वध झाला तो मरायलाच हवा होता, हे बहुतेक वेळा त्या शब्दातच ठरून गेलेलं असतं. (अभिमन्युवध हा ठळक अपवाद.) ‘मारणं कधी योग्य ठरतं का’ हा वाद आपल्याकडे बराचसा या एका शब्दाभोवती फिरला आहे.

आधुनिक काळात त्याला धार आली १८९७ साली, पुण्यात. प्लेगची साथ, घराघरांत शिरून झडती घेणारे गोरे सोजीर आणि प्लेग कमिटीचा प्रमुख रँड यांमुळे शहर धुमसत होतं. जूनमधल्या शिवराज्याभिषेक उत्सवात चर्चा निघाली ती अफजलखानाच्या वधाची: महाराजांनी पाप केलं का? टिळकांचं उत्तर १५ जूनच्या ‘केसरी’त छापून आलं. या प्रश्नाचा निकाल पिनल कोडात शोधू नका, गीतेत शोधा. स्वतःच्या पोटासाठी न केलेल्या कृत्याचा दोष लागत नाही, असा त्याचा आशय. खान अडीचशे वर्षांपूर्वीचा होता, ऐकणारे मात्र त्या वर्षीचे होते. आठवड्याभरात, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवलं, तिघा हिंदी ज्यूरर्सनी निर्दोष. शिक्षा झाली १८ महिन्यांची.

पुढे हाच शब्द रंगभूमीवर चढला. १९०७ साली आलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तल्या कीचकात प्रेक्षकांनी माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला बरोबर ओळखलं. २१ डिसेंबर १९०९ला नाशकात कलेक्टर जॅक्सन मारला गेला, तोही नाटकगृहातच, निरोपाचा खेळ पाहायला आलेला असताना. १९१० साली ‘कीचकवधा’वर बंदी आली. जॅक्सन रँडसारखा नव्हता. त्याचा संस्कृतचा व्यासंग होता. ‘वधा’च्या चौकटीत तो रँडइतका सहज बसत नाही.

‘स्वार्थ नसेल तर दोष नाही’ ही कसोटी किती निसरडी आहे, हे १९४८ साली दिसलं. लाल किल्ल्यातल्या न्यायालयात नथुराम गोडसेनेही राम, कृष्ण, अर्जुन आणि अफजलखानाला मारणारे शिवाजी महाराज यांचेच दाखले दिले. काही वर्तुळांत ‘गांधीवध’ हा शब्द तेव्हापासून रुळला. गंमत अशी, की भाऊ गोपाळ गोडसे यांच्या पुस्तकाच्या नावात मात्र ‘गांधीहत्या’ आहे. त्या खुनानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. त्याला गावोगावी आजही ‘अठ्ठेचाळीसचं जळीत’ म्हणतात. जाळणाऱ्यांनाही आपण न्यायच करतोय असं वाटत असणार.

ऐंशीच्या दशकापासून मुंबईने ‘एन्काउंटर’ हा शब्द आणला. तो वधही नाही आणि खूनही नाही, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली. सप्टेंबर २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’ असे फलक लागले. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तेव्हा फलक लागले नाहीत.