जहाजांचे इंधन म्हणून मिथेनॉल

जड तेलाऐवजी जहाजांच्या इंजिनांत जाळता येणारे अल्कोहोल वर्गातील द्रव इंधन. त्याचा शिरकाव झाला तो हवामानबदलामुळे नव्हे, तर गंधकामुळे. बाल्टिक व उत्तर समुद्रात जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०१५ पासून ०.१० टक्के झाली. मिथेनॉलमध्ये गंधक नसतेच. गोथेनबर्ग (स्वीडन) ते कील (जर्मनी) या मार्गावरील ‘स्टेना जर्मानिका’ हे प्रवासी जहाज त्याच वर्षी मिथेनॉलसाठी बदलून घेण्यात आले. इंजिने जुनीच राहिली. स्थिरतेसाठी पाणी भरायच्या काही टाक्यांत मिथेनॉल साठवले आणि इंधनाचे नळ दुहेरी भिंतीचे केले.

नेहमीच्या तापमानाला ते द्रव असते, त्यामुळे द्रवरूप नैसर्गिक वायूसारखा उणे १६२ अंशांचा खटाटोप लागत नाही. मात्र तेवढ्याच ऊर्जेसाठी टाकी तेलाच्या सुमारे अडीचपट लागते, म्हणजे मालाची जागा जाते. ते विषारी आहे. त्याची वाफ १२ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि दिवसाउजेडी ज्योत जवळपास दिसतच नाही. इंजिनरूममध्ये आग डोळ्यांनी हेरण्याची सवय इथे कामाची नाही, उष्णतेची किरणे टिपणारे अवरक्त संवेदक हवेत. सिलिंडरमध्ये ते आपसूक पेटत नसल्याने सुरुवातीला थोडे डिझेल फवारावे लागते.

खरी अडचण जहाजाबाहेर आहे. जगातले बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून आणि चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर कोळशापासून बनते. असे मिथेनॉल गंधकाच्या नियमात बसते, कार्बनच्या नाही. युरोपीय संघाचा २०२५ पासून लागू झालेला ‘फ्युएलईयू मेरिटाइम’ नियम इंधन तयार होण्यापासून जळेपर्यंतचे सगळे उत्सर्जन मोजतो. त्या हिशेबात केवळ धुराड्याकडे बोट दाखवून सुटका होत नाही. जैविक कचरा, किंवा हरित (अक्षय विजेने पाण्यातून मिळवलेला) हायड्रोजन व जैविक स्रोतांतील कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून केलेले मिथेनॉलच उपयोगी पडते. डेन्मार्कमधील कासो येथे २०२५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे ४२,००० टन आहे. मोठ्या कंटेनर जहाजांची भूक पाहता एवढ्यात मोजकीच जहाजे चालतील.

२०२३ मधील ‘लॉरा मर्स्क’ या मिथेनॉलवर चालणाऱ्या, सुमारे २,१०० कंटेनरांच्या जहाजानंतर मिथेनॉलवर चालू शकणाऱ्या जहाजांच्या मागण्या वाढल्या. ती सर्रास दुहेरी इंधनाची असतात, म्हणजे हरित मिथेनॉल महाग वाटले की मालक पुन्हा तेल जाळू शकतो. किमतीतला हा फरक दंड व शुल्काने भरून काढणारी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची चौकट मंजूर करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला.